पॅकिंगच्या पट्टीची टोपली : धुण्यापासून दामापर्यंत

खोक्यांभोवती आवळलेली प्लास्टिकची पट्टी खोकं उघडताना कात्रीने तोडली जाते आणि थेट कचऱ्यात जाते. टोपली विणणाऱ्या बाईच्या दृष्टीने तो तयार माल आहे. रुंदी सगळीकडे एकसारखी, लांबीच्या दिशेने ताकद भरपूर, पाण्याने फुगत नाही, कीड लागत नाही. हात बसला की महिनाभरात बाजारात नेण्याजोगी टोपली विणता येते.

पण टोपली विणता येणं आणि त्यावर घर चालणं यात अंतर आहे. या कामात पैसा दोन जागी गळतो. एक म्हणजे प्रत्येक टोपलीचं माप वेगळं होतं, म्हणून दुकानदार पुन्हा मागवत नाही. दुसरं म्हणजे पट्टी फुकट मिळाली, म्हणून ती गोळा करायचा, धुवायचा, निवडायचा वेळही फुकट धरला जातो. म्हणून इथे विणीइतकाच भर मोजण्यावर दिला आहे.

पट्टी ओळखणं

बाजारात पट्टीचे मुख्य दोन प्रकार फिरतात. हलक्या खोक्यांना पीपीची म्हणजे पॉलीप्रॉपिलीनची पट्टी असते. ती मऊ असते, अंगावर बारीक खडबडीत नक्षी असते आणि बऱ्याच रंगांत येते. जड मालाला पेटची म्हणजे पॉलिएस्टर प्रकारच्या प्लास्टिकची पट्टी लावतात. ती चकचकीत, ताठ, बहुतेक वेळा हिरवी असते. टोपलीला पीपीच घ्यावी. पेट दुमडली तरी घडी धरत नाही, उसळून परत सरळ होते, आणि तिची कड बोटं कापते.

नजरेने कळलं नाही तर बोटभर तुकडा पाण्यात टाका. पाण्यात साबणाचा एक थेंब घाला आणि तुकडा चांगला बुडवून सोडा, म्हणजे त्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे फसवत नाहीत. पीपी पाण्यापेक्षा हलकी, ती वर येते. पेट तळाशी बसते. ही चाचणी नव्या बाईलाही पहिल्या दिवशी जमते, म्हणून निवडायच्या जागी पाण्याचं एक भांडं कायम भरून ठेवा.

दुसरी चाचणी वयाची. पीपी उन्हात पडून राहिली की ठिसूळ होते, आणि वरून मात्र नवीच दिसते. पट्टी पूर्ण दुमडा, नखाने घडी दाबा, उलगडा, उलट बाजूने दुमडा. असं तीनदा करा. घडीवर पांढरी रेघ उठणं साहजिक आहे, तेवढ्यावरून पट्टी टाकू नका. घडीवर तडा गेला, भुसा सुटला किंवा पट्टी उभी चिरत गेली तर ती बाद. असली एक पट्टी टोपलीत गेली तर सहा महिन्यांनी तीच टोपली तक्रार म्हणून परत येते.

उभी चिरण्याचं कारण पट्टीच्या घडणीत आहे. कारखान्यात ती लांबीच्या दिशेने ताणून काढतात. त्यामुळे लांबीच्या दिशेने ती हाताने तुटत नाही, पण रुंदीच्या दिशेने तिच्यात पकड कमी असते. याचा फायदाही आहे: ब्लेडच्या साह्याने तिचे सरळ, लांब, अरुंद पट्टे निघतात आणि मूठ गुंडाळायला तेच लागतात.

कीटकनाशकं, रसायनं, औषधं किंवा दवाखान्याच्या मालावरची पट्टी कितीही स्वच्छ दिसली तरी घेऊ नका. ती धुणाऱ्या बाईचे हात आधी बिघडतात. पट्टी देणाऱ्याला माल कसला होता हे विचारायची सवय लावून घ्या.

धुणं आणि सरळ करणं

घरी आणल्यावर पहिलं काम पट्टीचा जोड कापून टाकण्याचं. जोड लोखंडी टिकलीचा असो की तापवून चिकटवलेला, दोन्ही बाजूंनी तीन-तीन सेंटीमीटर सोडून कापा, कारण तिथे पट्टी चेपलेली असते. टिकल्या वेगळ्या डब्यात टाका. त्या धारदार असतात आणि भंगारात त्यांचं लोखंड म्हणून मोल आहे.

मग साबणाचं कोमट पाणी आणि ब्रश. उकळतं पाणी नको. ताणून केलेली पट्टी उष्णतेने आखडते, वाकडी होते आणि मग कधीच सपाट बसत नाही. इस्त्रीही त्याच कारणाने वर्ज्य. कागदी लेबल राहिलं असेल तर पट्टी तासभर भिजवून ठेवा, खरवडू नका. सावलीत वाळवा.

पट्टीला खोक्याच्या कोपऱ्यांच्या चार घड्या पडलेल्या असतात. पाच-पाच पट्ट्यांची जुडी करून ती जाड नळीवर घड्यांच्या उलट दिशेने गुंडाळा, बांधा आणि रात्रभर ठेवा. सकाळपर्यंत घड्या बऱ्याच बसतात. राहिलेली घडी टोपलीच्या बुडात लपते, पण आडव्या कड्यात, म्हणजे भिंतीभोवती फिरणाऱ्या ओळीत, लपत नाही. म्हणून सगळ्यात सरळ पट्ट्या कड्यांसाठी बाजूला काढा.

शेवटी लांबीप्रमाणे जुड्या लावा: ८८ सेंटीमीटरच्या वरच्या एका बाजूला, ७२ ते ८८ दुसऱ्या बाजूला, ४० ते ७२ तिसऱ्या. त्याहून आखूड तुकडे वेगळे. वापरलेल्या पट्टीचे तुकडे खोक्याच्या घेराएवढेच मिळतात. लांबीचा हा हिशेब आधी झाला नाही तर अर्ध्या विणीत पट्टी कमी पडते.

एका टोपलीचा माल

हे माप १५ मिलिमीटर रुंद पट्टीच्या, २४ बाय १६ सेंटीमीटर बुडाच्या आणि सुमारे १९ सेंटीमीटर उंच टोपलीचं. विणल्यावर पट्टी आणि शेजारची फट मिळून १६ मिलिमीटर जागा जाते. पुढचे सगळे आकडे त्यावरून आले आहेत. वेगळ्या रुंदीची पट्टी असेल तर दहा पट्ट्या विणून मोजा आणि आकडे नव्याने काढा.

- बुडाच्या लांब पट्ट्या: १०, प्रत्येकी ८० सेंटीमीटर
- बुडाच्या आखूड पट्ट्या: १५, प्रत्येकी ७२ सेंटीमीटर
- आडवी कडी: १३, प्रत्येकी ८८ सेंटीमीटर (१२ ओळी, सर्वांत वरची दुहेरी)
- दोन मुठी: प्रत्येक मुठीला ९० सेंटीमीटरच्या दोन पट्ट्या, शिवाय गुंडाळायला अर्ध्या रुंदीची १७० सेंटीमीटर

बेरीज साडेपस्तीस मीटरच्या आसपास येते. बाद पट्टी आणि कातरण धरून ४० मीटर काढून ठेवा. टोपलीचं वजन पट्टीच्या जाडीप्रमाणे २५० ते ३२० ग्रॅम भरतं.

हत्यारं थोडी लागतात: जाड कात्री, शिंप्याची टेप, लोखंडी पट्टी, कपड्यांचे तीस-चाळीस चिमटे, टोक सरकवायला चपटी बोथट पट्टी (चमच्याचा सपाट दांडा चालतो) आणि २४ × १६ × २० सेंटीमीटरचा लाकडी ठोकळा. ठोकळा ही चैन नव्हे. दहा बायकांच्या दहा टोपल्या एका मापाच्या निघतात त्या ठोकळ्यामुळेच. बोटांची टोकं झाकणारे पातळ हातमोजे घाला. पट्टीच्या कडेने पडलेले केसाएवढे काप दिसत नाहीत, पण दुसऱ्या दिवशी साबणात झोंबतात.

बूड

प्रत्येक पट्टीचा मध्य पेन्सिलने खुणेने दाखवा. दहा लांब पट्ट्या शेजारी-शेजारी ठेवा, मध्याच्या खुणा एका रेषेत. पंधरा आखूड पट्ट्यांपैकी आठवी मधली. ती बरोबर मध्यरेषेवरून एक वर, एक खाली अशी घाला. मग सात एका बाजूला, सात दुसऱ्या बाजूला. मध्यापासून बाहेर विणत गेलं की चूक दोन्हीकडे वाटली जाते. एका टोकापासून सुरुवात केली तर सगळी चूक दुसऱ्या टोकाला साचते.

प्रत्येक पट्टी घातल्यावर बोथट पट्टीने आत सारून घट्ट करा. शेवटी बूड २४ बाय १६ भरलं पाहिजे. पण एवढ्यावर समाधान मानू नका, दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८.८ सेंटीमीटर आले तर बूड काटकोनात आहे. एक २९.५ आणि दुसरा २८ आला तर बूड तिरकं सरकलं आहे. लांब कर्णाची दोन टोकं धरून आत दाबा, पुन्हा मोजा. इथे सोडलेली तिरकस पुढे प्रत्येक ओळीत वाढत जाते आणि पूर्ण झालेली टोपली टेबलावर डुगडुगते. त्यावर नंतर काही उपाय नाही.

कर्ण जुळला की चारही कोपऱ्यांना चिमटे लावा. लोखंडी पट्टी बुडाच्या कडेवर ठेवून सगळी टोकं वर दुमडा आणि घडी नखाने दाबा. हे टाळलं तर टोपलीचा खालचा काठ गोल होतो आणि उंची एक-दीड सेंटीमीटरने कमी भरते.

भिंत

आता ठोकळा बुडावर ठेवा. वर आलेल्या उभ्या पट्ट्या मोजा: ५० हव्यात. प्रत्येक ओळ वेगळं बंद कडं असेल तेव्हा उभ्या पट्ट्यांची संख्या सम लागते, तरच एक आत, एक बाहेर अशी वीण फिरून बरोबर जुळते. दोरी किंवा वेटोळी पट्टी सलग गोल-गोल चढवायची असेल तर विषम लागते. हा फरक नीट लक्षात ठेवा. नव्या बायकांची निम्मी उसवण याच गोंधळामुळे होते.

पहिलं कडं घालताना नेम असा: बुडाच्या शेवटच्या पट्टीच्या वरून आलेली उभी पट्टी असेल तर कडं तिच्या आतून न्या, खालून आलेली असेल तर बाहेरून. चारही कोपरे पार करूनही वीण बरोबर येते. दोन शेजारच्या पट्ट्या एकाच बाजूला दिसल्या तर तिथेच थांबा आणि मागे या.

कड्याची दोन टोकं चार उभ्या पट्ट्यांइतकी एकमेकांवर चढवा आणि दोन्ही टोकं उभ्या पट्टीमागे लपवा. पहिलं कडं ठोकळ्याला बेताचं घट्ट बसलं की दोन्ही टोकं जिथे भेटतात तिथे खूण करा, कडं काढा आणि उरलेल्या बारा कड्यांवर तीच खूण करून घ्या. याला पाच मिनिटं लागतात. खूण नसेल तर हात थकेल तसं कडं सैल होतं आणि भिंत वर जाता-जाता बाहेर फाकते. उलट घट्ट ओढायची सवय असेल तर टोपली तोंडाशी आवळते. दोन्ही दोष ठोकळ्यावर हात फिरवला की लगेच कळतात: भिंत आणि ठोकळा यांत बोट शिरलं तर सैल, ठोकळा वर उचलताना अडला तर घट्ट.

एका कड्याचा जोड समोर आला तर पुढच्याचा मागे, त्याच्या पुढचा डावीकडे, मग उजवीकडे. सगळे जोड एका जागी आले तर ती बाजू जाड होऊन फुगते. दर तीन कड्यांनंतर ओळ खाली दाबून घ्या. बारा ओळींत उंची १९ सेंटीमीटर भरली पाहिजे. २० भरली तर ओळी सैल आहेत आणि काठ दुमडायला पट्टी अपुरी पडेल.

काठ

वर उरलेली आठ सेंटीमीटर टोकं ही टोपलीची कुलपं आहेत. शेवटच्या दुहेरी कड्याच्या बाहेर असलेलं टोक आत दुमडा, आत असलेलं टोक बाहेर दुमडा. प्रत्येक टोक खाली येताना वरच्या कड्यावरून जातं, पुढची ओळ सोडतं आणि वरून तिसऱ्या कड्याखाली शिरतं, मग पाचव्याखाली. दोन कड्यांखाली गेलेलं टोक पुढे सुटत नाही. एकाच कड्याखाली घातलेलं टोक मात्र वापरात हळूहळू वर येतं आणि कपड्यात अडकतं.

टोक सरकवण्याआधी त्याचे कोपरे कात्रीने किंचित गोल करा, ते सहज शिरतं. मेणबत्तीवर टोक वितळवून गोळा करायची पद्धत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. धूर छातीला वाईट आणि थंड झालेला गोळा चाकूसारखा टोकदार.

मूठ

लांब बाजूला पंधरा उभ्या पट्ट्या आहेत. पाचवी आणि अकरावी निवडा. त्यांच्यावरून सर्वांत खालचं कडं बाहेरून गेलेलं नसेल तर चौथी आणि बारावी घ्या. दोन पट्ट्या एकावर एक ठेवून बाहेरच्या बाजूने, उभ्या पट्टीला लागून, कड्यांखालून सरकवत तळापर्यंत न्या. तळाच्या कड्याखालून बाहेर आलेलं आठ सेंटीमीटरचं टोक त्याच कड्यावरून वर वळवा आणि वरच्या दोन मोकळ्या कड्यांखाली घाला. वर ३५ सेंटीमीटरची कमान उरते. तिच्यावर अर्ध्या रुंदीची पट्टी कडेला कड लावून गुंडाळा.

मूठ तुटून टोपली पडल्याचं क्वचित घडतं, ती सरकून बाहेर येते. कारण जवळजवळ नेहमी एकच: मूठ वरच्या दोन-तीन कड्यांत अडकवून सोडलेली असते. तळाच्या कड्याला वळसा हवाच. चाचणी म्हणून पाच किलोची म्हणून विकायच्या टोपलीत दहा किलो भरून तासभर टांगून ठेवा. मुठीच्या पट्टीवर काठाशी पेनाने रेघ मारून ठेवा. तासाभराने रेघ वर सरकली असेल तर मूठ पुन्हा घाला.

शिकताना ही टोपली पहिली घेऊ नये. ८ बाय ८ बुडाची, सहा ओळींची छोटी टोपली करा: ४४ सेंटीमीटरच्या दहा पट्ट्या आणि ४० सेंटीमीटरची सहा कडी. सात मीटर पट्टी लागते, उभ्या पट्ट्या वीस होतात, आणि तिसऱ्या जुडीतले आखूड तुकडे कामी येतात. तिच्यात मूठ सोडून सगळे टप्पे आहेत. चार छोट्या झाल्या की हात तयार होतो.

हिशेब

घड्याळ विणायला बसताना लावू नका, पट्टी आणायला निघताना लावा. समजा एक टोपली विणायला तीन तास लागतात. तिच्या ४० मीटर पट्टीचा जोड कापणं, धुणं, निवडणं, सरळ करणं यात एक तास जातो, आणि कातरण व तपासणीत पंधरा मिनिटं. एकूण सव्वाचार तास. किंमत तीन तासांवर ठरवली तर सव्वा तास, म्हणजे कामाचा जवळजवळ तीस टक्के भाग, कोणीतरी बिनपगारी करतंय. गटात हा भाग बहुधा त्याच बाईच्या वाट्याला येतो जिची बोटं वयाने किंवा दुखण्याने वीण धरू शकत नाहीत. म्हणून दर दोन ठरवा: तयार पट्टीचा मीटरवर आणि विणीचा नगावर. वहीत तारीख, नाव, काम, संख्या आणि सही, रोजच्या रोज.

किमतीत पाच गोष्टी येतात: सगळ्या तासांची मजुरी, पट्टीचा आणि वाहतुकीचा खर्च, हत्यारांची झीज, बाद झालेल्या टोपल्यांचा वाटा आणि गटाच्या शिलकीसाठी थोडी रक्कम. दुकानदार त्यावर आपला नफा चढवणार. स्वतः विकताना दुकानापेक्षा स्वस्त विकू नका, नाहीतर दुकानदार माल घेणं बंद करेल. 'विकल्यावर पैसे' या बोलीवर माल दिला तर नग, किंमत आणि हिशेबाची तारीख लिहिलेली पावती घ्या.

मोठी मागणी आली की आनंदाने होकार देण्याआधी पट्टी मोजा. दोनशे टोपल्या म्हणजे आठ किलोमीटर पट्टी, वजनाने साठ-पासष्ट किलो. एवढी पट्टी एकाच रंगाची भंगारातून वेळेवर मिळेल याची खात्री नसते. दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू कारागिरांची रंगीत तारांची टोपली टेलिफोनच्या टाकाऊ तारांवर सुरू झाली आणि मागणी वाढल्यावर विकतच्या नव्या तारेकडे वळली. तो मार्ग तुम्हीही घेऊ शकता, पण मग 'टाकाऊपासून' हे शब्द चिठ्ठीवरून काढावे लागतील. त्यापेक्षा नेमक्या रंगाचं वचन देऊ नका. 'गडद उभ्या पट्ट्या, फिकट कडी' असं ठरवा. निळी संपली तर काळी चालते आणि चौकटीची नक्षी तशीच राहते. अर्धी रक्कम आगाऊ घ्या आणि एक नमुना टोपली दोघांची सही केलेली चिठ्ठी बांधून स्वतःजवळ ठेवा. माप किंवा रंगाचा वाद झाला तर तीच बोलते.

गिऱ्हाइकाला खरं सांगा: ही टोपली कपडे, खेळणी, बाजारहाट यांसाठी आहे. शिजवलेलं अन्न थेट ठेवायला नाही, कारण पट्टीवर आधी काय सांडलं होतं, शाई कुठली होती, हे कोणी सांगू शकत नाही. आणि कायम उन्हात ठेवू नये.

सलग विणताना दर पाऊण तासाने उठा. मांडी घालून वाकून बसण्यापेक्षा ठोकळा कमरेच्या उंचीच्या टेबलावर घ्या. मान आणि अंगठ्याच्या मुळाशी येणारी कळ त्याने बरीच कमी होते.

टोपली दुरुस्तीला आली तर तुटलेली पट्टी ओढून काढू नका, शेजारची वीण ढिली होते. त्याच रुंदीची नवी पट्टी जुन्या पट्टीच्या अंगावरून त्याच मार्गाने सरकवा, तुटल्या जागेच्या दोन्ही बाजूंना चार-चार ओळी जाऊ द्या, मग जुनीची बाहेर दिसणारी टोकं कापा. काम वीस मिनिटांचं आहे, आणि त्याचेही पैसे घ्या.